सोपं कोणाले?

कोकिळाबाई उमाळेचं शिवणाचं दुकान आणि माझं झेरॉक्सचं दुकान यांच्यामध्ये एकच पत्रा आहे. जळगाव जामोदच्या बसस्टँडवर खामगावची गाडी लागली की ती हे दुकानात बसून अख्ख्या ओळीला सांगते, इतका तिचा आवाज. नाव ठेवताना आईबापांनी जरा थांबून ऐकायला हवं होतं. बाई पन्नाशीची, काटकुळी, गळ्यात मोजपट्टी. तिचं लग्न मोताळ्याकडे झालं होतं. आठ महिन्यांत ती शिलाई मशीन घेऊन परत आली. नवऱ्याचं काय झालं असं कोणी विचारलं तर म्हणते, "त्याले तिथंच ठेवलं. मशीन कामाची होती."

गावातल्या तीन शाळांचे गणवेश तिच्याकडे असतात. इतर टेलर पोराच्या आजच्या अंगाबरोबर कापड कापून मोकळे होतात आणि पुढच्या जूनमध्ये आईबापांना परत बोलावतात. कोकिळाबाई कमरेत, बाहीत, पायात दोन-दोन इंच कापड आत दुमडून ठेवते. दरवर्षी थोडं उसवून सोडते. तिचा एक गणवेश तीन वर्षं जातो. हे मी तिच्या कौतुकासाठी सांगत नाही. बाईकडे आयुष्यभराचं तत्त्वज्ञान एवढंच आहे, आणि ते तिने कुठे कुठे लावलं ते कळावं म्हणून सांगतोय.

२०१३ साली तिच्या भावाला, राजकुमारला, लेकरू झालं. राजकुमार छोटा हत्ती टेम्पो चालवतो, स्वभावाने गरीब, बायकोला घाबरतो आणि बहिणीला त्याहून जास्त. बायको प्रतीक्षा खामगावच्या एका दवाखान्यात बाळंत झाली. नर्स बाहेर येऊन म्हणाली, मुलगा. कोकिळाबाईचे वडील उकंडराव तिथून जे पळाले ते पेढे घेऊनच आले आणि चौकीदारापासून सगळ्यांना वाटून टाकले. अर्ध्या तासाने नर्स परत आली. "थांबा हो बाबा, बहुतेक मुलगी आहे." म्हातारा रीतीला पक्का. मुलगी तर मुलगी, जाऊन जिलेबी आणली. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, आत्ता नक्की सांगता येत नाही. उकंडराव उरलेले दोन पुडे घेऊन जिन्यात बसले. याची मिठाई कोणती, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

झालं होतं असं की लेकराची ठेवण मुलगा म्हणावी अशीही नव्हती आणि मुलगी म्हणावी अशीही नव्हती. असं होतं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा होतं, फक्त घरोघरी दाबून ठेवतात. त्यासाठी गावात जे शब्द वापरतात ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला येतात.

सहाव्या दिवशी लेकराला मोठ्या शहरातल्या एका सर्जनकडे नेलं. कोकिळाबाई अर्थातच सोबत. सर्जनसाहेबांनी कागदावर चित्र काढलं, खोडलं, पुन्हा काढलं. "महिन्याभरात ऑपरेशन करून घ्या. मुलगी करून टाकू. ते सोपं असतं."

राजकुमार खिशात पेन शोधायला लागला. टेबलापलीकडे कोणी शर्ट इन केलेला माणूस दिसला की हा सहीच करतो.

"सोपं कोणाले?" कोकिळाबाईने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे लेकराले सोपं, का तुमाले?"

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "बाई, लहानपणी केलं की काही आठवत नाही. उद्या लोक विचारतील..."

"लोकाइचं मी पाहून घेतो. न कापलं तं हे मरन काय?"

"मरणार नाही, पण..."

"मंग मरत नाही तं घाई कोणाची हाये? मी पोराची चड्डी कापाच्या आंधी तीनदा मोजतो, साहेब. अन् चड्डी बिघडली तं दुसरी शिवता येते."

राजकुमारला पेन सापडलं होतं. तिने ते त्याच्या हातातून काढून आपल्या अंबाड्यात खोचलं आणि लेकरू उचललं. ते पेन पुढे चार दिवस तिच्या डोक्यात होतं, असं प्रतीक्षा सांगते.

घरी आल्यावर खरं भांडण झालं. उकंडरावांचं म्हणणं होतं की काय ते करून टाका, एकदाचं कळू द्या नातू की नात. ते वाईट माणूस नाहीत. घाबरलेला माणूस आणि वाईट माणूस बोलतात सारखंच, एवढंच. कोकिळाबाईने बापाला ओट्यावर बसवलं. उकंडरावांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून हे जन्मले तेव्हा त्यांच्या आईने त्यांना उकिरड्यावर लोळवलं आणि हे नाव ठेवलं, की असल्या घाणीवरच्या पोराकडे मृत्यूने ढुंकून पाहू नये. आमच्या भागात ही जुनी रीत.

"बाबा, तुमी जगावं म्हणून आजीनं तुमाले उकिरड्यावर टाकलं," कोकिळाबाई म्हणाली. "नाव खराब केलं. लोकं हसले. पण तुमच्या अंगाले कात्री लावली काय?"

"ते येगळं होतं."

"काय येगळं होतं? तवाबी लेकराले वाचवाचं होतं, आताबी वाचवाचं हाये."

म्हातारा उठून गोठ्यात गेला आणि जेवायलाच आला.

मग कोणीतरी अकोल्याच्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. बाई शांत. त्यांनी चित्र काढलं नाही. म्हणाल्या, "आधी रक्त तपासू. अशा काही बाळांच्या अंगातलं मीठ कमी होत जातं, ते जिवावर बेततं. तसं असेल तर आजच औषध सुरू. तसं नसेल तर घाई नाही. बाळाची तब्येत बघत राहू. बाकीचं ते स्वतः सांगेल तेव्हा." तपासण्या चांगल्या निघाल्या. कोकिळाबाईने त्याच दिवशी त्यांना देवाच्या खालोखाल बसवलं, आणि देवाशी तिचं फारसं जमत नाही हे लक्षात घेता बऱ्याच वर.

आता माझी पाळी. त्या तपासण्यांची फाइल झेरॉक्सला माझ्याकडे आली. झेरॉक्सवाला वाचत नाही असं ज्याला वाटतं तो भोळा आहे. मी वाचली. नीट कळली नाही, पण घरी जाऊन बायकोला सांगण्याइतकी कळली. माझी बायको पुष्पांजली कोणाला काही सांगत नाही. तिने फक्त तिच्या बहिणीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाजारात भाजीवाल्यापाशी चर्चा होती, आणि तीही फाइलीत नसलेल्या गोष्टींची.

कोकिळाबाई हातात कात्री घेऊन माझ्या दुकानात आली. मोठी, कापड कापायची. गिऱ्हाईक होते ते निघून गेले.

"तू वाचलं?"

मी नाही म्हणणार होतो. कात्री बघितली आणि हो म्हणालो.

"अन् सांगतलं?"

"हाव."

मला वाटलं आता ही मारते. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने स्टूल ओढलं, फाइल माझ्यासमोर उघडली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं एकेक करून मला समजावलं. मग माझ्याकडून वदवून घेतलं. दोनदा चुकलो तेव्हा 'बे' लावून शिव्या दिल्या. "आता ज्याले ज्याले तू चुकीचं सांगतलं, त्याले त्याले बरोबर सांगजो. पुष्पांजलीलेबी सांग. तिच्या बहिणीलेबी. बातमी पसरवाची तुले हौस हाये ना, मंग नीट पसरव."

महिनाभर मी तेच केलं. आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या माणसाला मी काचेवर कार्ड ठेवता ठेवता सांगायचो की लेकराला रोग नाही, शाप नाही, आईच्या खाण्यापिण्याने होत नाही, आणि फक्त ठेवणीपायी कापाकापीची घाई करायची नसते. लोक पैसे देऊन लवकर निघायला लागले. लाज वाटायची. अजूनही वाटते, कारण फाइल माझी नव्हती.

बारसं सव्वा महिन्याने केलं. एरवी आमच्या आळीत बारशाला पंधरा बायका येतात. त्या दिवशी साठ आल्या. माझी कामगिरी. सगळ्यांना पाळण्यात डोकवायचं होतं, आणि लेकरू मात्र आत्याने शिवलेल्या जाड दुपट्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेलं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ती सांगत असताना तिच्या पाठीत धपाटे घालायचा मान बाकीच्यांचा. कोकिळाबाई वाकली. गावभराच्या तोंडावर तिने इतक्या वर्षांत जे जे बोलून ठेवलं होतं त्याचा हिशोब त्या दिवशी बायकांनी चुकता केला. साठ जणींचे धपाटे खाऊन ती उभी राहिली, पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाली, "प्रेम." नाव प्रतीक्षाने निवडलं होतं. मागून एक आवाज आला, "म्हणजे पोरगा का पोरगी?" कोकिळाबाई म्हणाली, "म्हणजे प्रेम. घुगऱ्या खा."

घुगऱ्यांच्या वाट्या फिरत असतानाच अंगणात टाळी वाजली. खामगावची हीना आणि तिच्या दोन चेल्या. बाळ झालं की त्या ओवाळणीला येतातच, पण आज बायका मागे सरकल्या. असल्या लेकराला हे लोक घेऊन जातात, ही आमच्याकडची पक्की समजूत. उकंडराव उठले, म्हाताऱ्या पायांनी धावले आणि आतल्या खोलीचं दार लावून त्याला पाठ लावून उभे राहिले. ऑपरेशन करा म्हणणारा हाच माणूस. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

हीनाने त्यांच्याकडे बघितलं. "बाबा, दार काऊन लावता? आमी लेकरं नेत नाही. घरच्याइनं हाकलून देलं म्हणून आमी आमच्यात गेलो. माह्या बापानं दाराले अशी पाठ लावली असती ना, तं मी आज माह्या घरी असती."

उकंडराव दारावरून बाजूला झाले आणि स्वतःच्या हाताने प्रेमला आणून हीनाच्या मांडीवर ठेवलं. तिने बोटं मोडून दृष्ट काढली, लेकराच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "घरातच राहू द्या." लुगडं आणि पायलीभर गहू घेऊन ती निघाली तर कोकिळाबाईने तिला अडवलं, कारण तिच्या ब्लाउजची बाही वाईट बसली होती आणि ते हिला बघवेना. त्या दिवसापासून हीनाचे ब्लाउज इथेच शिवले जातात, आणि त्या दिवसापासून उकंडरावांनी ऑपरेशनचं नाव काढलेलं नाही.

पुढची वर्षं म्हणजे कोकिळाबाई विरुद्ध बाकी सगळे. प्रेम शाळेत गेलं. हेडमास्तर नारायणराव सज्जन, पण त्यांना सगळं रांगेत लागतं. त्यांनी प्रेमला विचारलं, "बाळ, तू मुलांच्या रांगेत उभं राहणार की मुलींच्या?" प्रेम तोंड उघडणार तेवढ्यात कोकिळाबाई म्हणाली, "ज्या रांगेवर सावली असन तिथं." पुढे संडासाचा प्रश्न निघाला. शाळेच्या संडासांना कड्याच नव्हत्या. मुली दोघी-दोघी जायच्या, एक आत आणि एक दार धरून. कोकिळाबाई हार्डवेअरच्या दुकानातून चार कड्या घेऊन गेली आणि शिपायाच्या उरावर बसून लावून घेतल्या. "कडी लागली का आत कोण हाये हे कोणाले काय करा लागते?" नारायणरावांना हे इतकी वर्षं सुचलं नव्हतं. प्रेमचा प्रश्न सुटला आणि सगळ्या शाळेचाही.

गणवेश ती प्रेम मागेल तसा शिवायची. एक वर्ष स्कर्ट, पुढे पँट, मध्ये एकदा दोन्ही. कोणी काही विचारलं की उत्तर आत्याकडे तयार. पाहुणे विचारायचे, आत्या उत्तर द्यायची. मास्तर विचारायचे, आत्या उत्तर द्यायची. गल्लीतली पोरं चिडवायची तर ही मोजपट्टी घेऊन मागे धावायची. "लेकराले ठरवू द्या" हे वाक्य मी त्या पत्र्यातून हजारदा ऐकलं असेल, आणि त्यातलं एकदाही ते लेकराने म्हटलेलं नव्हतं. हे तेव्हा मला दिसलं असं नाही. मीही टाळ्याच वाजवत होतो.

दिसलं ते गेल्या उन्हाळ्यात, प्रेमच्या मामेबहिणीच्या, करिष्माच्या, लग्नात. कोकिळाबाईने एकाच मोरपंखी कापडातून एक फ्रॉक आणि एक कुर्ता शिवला. रात्रंदिवस खपून, जरीचा काठ लावून. दोन्ही खाटेवर मांडले आणि म्हणाली, "घे, निवड. तुह्यी मर्जी." मांडवात प्रेम आलं ते शाळेच्या खो-खोच्या संघाचा पिवळा टीशर्ट घालून. कोकिळाबाई भर पंगतीत ओरडली. प्रेम वरणाची बादली घेऊन वाढत पुढे गेलं, मागे बघितलं नाही.

आणि मग या दिवाळीनंतरची अकोल्याची फेरी. दर सहा महिन्यांची असते, पण ही वेगळी होती. प्रेम बाराचं झालं होतं. आता अंग बदलायला लागणार. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की वाट पाहायची का औषध द्यायचं, द्यायचं तर कोणतं, हे यावेळी बोलायचं आहे. ज्या गोष्टीसाठी बारा वर्षं थांबलो ती हीच. राजकुमार गाडीच्या खेपेवर गेला होता म्हणून सोबतीला मी. प्रतीक्षा, कोकिळाबाई, मी आणि प्रेम. फाइल प्रेमने स्वतःच्या दप्तरात ठेवली होती. माझ्याकडे बघून चेनही ओढली. बरोबरच आहे.

केबिनमध्ये कोकिळाबाईने नेहमीसारखी सुरुवात केली. "डाक्टरीणबाई, याचं असं हाये..."

"कोकिळाताई," बाई म्हणाल्या, "आज तुम्ही सगळे बाहेर थांबा. मला प्रेमशी एकटीने बोलायचंय."

प्रतीक्षा लगेच उठली. तिने प्रेमच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दाराकडे गेली. कोकिळाबाई हलली नाही.

"मले काऊन बाहेर? मले सगळं ठाऊक हाये. त्या सर्जनपासून मीच लढून राह्यली. तुमी मले इचारा, मी सांगतो याच्या मनात काय हाये ते."

"तुम्हाला सगळं माहीत आहे. म्हणूनच."

तिने प्रेमकडे बघितलं. तिला वाटलं असणार, लेकरू म्हणेल आत्या राहू दे. प्रेम स्वतःच्या चपलांकडे बघत होतं. मग हळूच म्हणालं, "आत्या, जा ना."

बाकावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. त्या बाईला मी नवऱ्याबद्दल बोलताना, बाप आजारी असताना, सगळ्या प्रसंगांत बघितलंय. इतकी लहान झालेली कधी बघितली नव्हती. पाच मिनिटांत तीनदा दाराला कान लावायला उठली. तिसऱ्यांदा प्रतीक्षाने पदर धरून खाली ओढलं. आयुष्यात पहिल्यांदाच. "बसा ना वन्सं," ती म्हणाली. "माह्यंबी लेकरू हाये. मी बसली ना?" कोकिळाबाई बसली. मोजपट्टी बोटांना गुंडाळायची आणि सोडायची, एवढंच करत राहिली.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. प्रेम बाहेर आलं, चेहऱ्यावर काही नाही. डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या की सगळं ठीक आहे, तीन महिन्यांनी या, आणि आईला एकटीला आत बोलावलं. कोकिळाबाई तडक लेकरापुढे उभी.

"काय बोलणं झालं? तू काय सांगतलं?"

"तुले काऊन सांगू?" प्रेम म्हणालं. "माह्यं हाये ते. आईले आता कळन. तुले, मले वाटन तवा सांगीन."

मी कोकिळाबाईच्या हाताकडे बघत होतो, कारण तो कधीही उठू शकतो. तो उठला नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. भर दवाखान्यात, उभ्या उभ्या.

परतीच्या बसमध्ये शेगावला तिने मोजपट्टी पिशवीत टाकली. मग म्हणाली, "शेखर, मले लय राग आला बे."

"येणारच."

"त्या सर्जनले मी म्हणलं, घाई कोणाची हाये. अन् आज माह्याच जिवाले इतकी घाई का दार तोडावं वाटलं. मी हेच मागत होती ना बारा वरसं? का लेकरानं सोताचं सोता सांगावं? मंग मले इतकं काऊन लागलं?"

खरं तर तिला चिमटा काढायची संधी मी सोडत नाही, पण त्या दिवशी मी पाण्याची बाटली पुढे केली. प्रेम पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून झोपलं होतं.

जळगाव जामोद येईस्तोवर तिला धीर आला. कंडक्टरला तिने स्वतःहून सांगितलं, "आमचं लेकरू मलेबी सांगत नाही." कंडक्टरने काही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगत होती, बाहीचं माप घेता घेता. "प्रेमनं मले बाहेर काहाडलं. तोंडावर म्हणलं, तुले काऊन सांगू." एखादी विचारायची, मग ठरलं काय? बारा वर्षांत प्रेमबद्दलच्या प्रश्नाला पहिल्यांदाच तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते नसल्याचं ती गावभर मिरवत होती. मध्येच मशीन जोरात चालवायची.

प्रेमने काय ठरवलं हे मला माहीत नाही. प्रतीक्षाला माहीत आहे, ती सांगत नाही. फाइल झेरॉक्सला माझ्याकडे येत नाही. तुम्हालाही जाणून घ्यायचं असेल तर रांग लावा. पहिला नंबर कोकिळाबाईचा आहे, आणि ती अजून उभीच आहे.